सोप्या क्रियापदांचा अवघडपणा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेलं भाषण, स्मरणिकेसाठी शब्दांकित)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इंग्रजी शिकवतेस, तर इंग्रजीवर बोल. पण व्याकरण नको." आचाऱ्याला बोलवायचं आणि चूल पेटवू नको म्हणायचं, त्यातला हा प्रकार. त्यात समोर आपले इंग्रजीचे सर बसलेत. वाक्य अर्धवट सोडलं तर अजूनही "पुढे?" म्हणतील. तेव्हा नमनाला घडाभर तेल न घालता विषयावर येते.

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एक प्रश्न आला होता. आपल्या एका मैत्रिणीला तिच्या नातवाने विचारलं, "आजी, गेट म्हणजे काय?" ती म्हणाली, "मिळणे." (खाली लगेच कुणीतरी 'फाटक' असं लिहिलं. कोणी ते सांगत नाही, ते मागच्या बाकावर बसायचे आणि आजही मागेच बसलेत.) नातवाने पुस्तक पुढे केलं. त्यात होतं, 'आय गॉट वेट'. आता 'मला ओलं मिळालं' असं म्हणायचं का? आजी ग्रुपवर आली, ग्रुपवर पंचवीस उत्तरं आली, त्यातली पाच सुप्रभातची होती, आणि शेवटी सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मी तेव्हा 'भेटल्यावर सांगते' एवढंच लिहिलं होतं. आज भेटलो आहोत.

तर 'गेट'. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळालं. 'आय गॉट वेट', मी भिजले. 'वी गॉट होम ॲट टेन', आम्ही दहाला घरी पोचलो. 'गेट द डॉक्टर', डॉक्टरांना बोलवा. 'आय डोंट गेट इट', मला कळत नाही. 'ही गॉट कॉट', तो पकडला गेला. 'ही गॉट हिज हेअर कट', त्याने केस कापून घेतले. 'शी गॉट हिम टु साइन', तिने त्याला सही करायला लावली. 'वी गेट बाय', आमचं भागतं. मराठीत मिळणे, भिजणे, पोचणे, बोलावणे, कळणे, भागणे अशी वेगवेगळी क्रियापदं लागली, कुठे 'घेतले', कुठे 'लावली' असं शेपूट जोडावं लागलं, आणि इंग्रजीत सगळीकडे तो एकटा तीन अक्षरी 'गेट' राबतो आहे. घरातल्या थोरल्या सुनेसारखा.

आपल्याला इंग्रजी पाचवीत सुरू झालं. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. गो म्हणजे जाणे, टेक म्हणजे घेणे, रन म्हणजे पळणे. सुरुवातीला ते तसंच शिकवावं लागतं, मीही तसंच शिकवते. नामांच्या बाबतीत हे बरंच टिकतं. टेबल म्हणजे टेबल, गाय म्हणजे गाय. घोडं पेंड खातं ते क्रियापदांपाशी, आणि त्यातही सगळ्यात सोप्या, सगळ्यात आधी शिकलेल्या क्रियापदांपाशी. कोशकारांना विचारा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, चारशे तीसच्या आसपास अर्थ. पुढच्या सुधारित आवृत्तीचं काम चालू असताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. २०११ साली सांगितलं गेलं की क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ झाले आहेत. ती एक नोंद लावायला पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराला नऊ महिन्यांहून जास्त काळ लागला. नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, दुकान 'रन' करतात, रंग 'रन' झाला की धुतलेली साडी वाया जाते, आणि अमेरिकेत माणूस निवडणुकीला 'रन' करतो. इंग्लंडमध्ये मात्र उमेदवार निवडणुकीला 'स्टँड' करतो. आपलाही उमेदवार उभाच राहतो. पळतो तो निकालानंतर.

हे असं का झालं, याचा थोडा इतिहास सांगते. थोडाच, कारण जेवण जड झालंय.

नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडवर चालून आले, आणि पुढे तिथेच शेतीवाडी करून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीच्या चुलतघरची. शेजारीपाजारी बोलताना, सोयरिकी होताना, बाजारहाट करताना अगदी रोजचे शब्द इकडून तिकडे गेले. 'टेक' हा त्यांचा शब्द. 'गेट' त्यांचाच. एवढंच काय, 'दे' म्हणजे 'ते' हे सर्वनामसुद्धा इंग्रजीने त्यांच्याकडून घेतलं. 'टेक' येण्याआधी घेणे या अर्थी इंग्रजीत 'निमन' असं क्रियापद होतं. जर्मनमध्ये ते 'नेमन' म्हणून आजही आहे. इंग्रजीतून ते गेलं, पण जाताना एक खूण ठेवून गेलं. ती खूण म्हणजे 'नंब', बधिर. मूळ अर्थ 'घेतलेला', पकडलेला. थंडीने बोटं घेतली. आपल्याकडे नाही का, 'वाऱ्याने पाय धरला' म्हणतात?

मग १०६६ साली नॉर्मन आले. दरबार, कोर्ट, चर्च, दफ्तर इथे फ्रेंच आणि लॅटिन शब्द भरले. घरात आणि शेतावर जुनीच आखूड क्रियापदं राहिली. म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन पोशाख असतात. सभा कागदावर 'पोस्टपोन' होते, घरात 'पुट ऑफ' होते. आग दफ्तरात 'एक्स्टिंग्विश' करतात, अंगणात 'पुट आउट' करतात. त्रास ग्रंथात 'टॉलरेट' करतात, सासरी 'पुट अप विथ' करतात. गंमत अशी की 'पोस्टपोन'चा लॅटिन अर्थ फोडला तर 'नंतर ठेवणे' असाच निघतो. म्हणजे 'पुट ऑफ'चाच हा सोवळ्यातला भाऊ.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सभा इतिवृत्तात 'स्थगित' होते, आणि बाहेर आल्यावर आपण म्हणतो 'पुढे ढकलली'. 'सहन करणे' पुस्तकात, 'चालवून घेणे' घरात. आता एखाद्या परदेशी माणसाची कल्पना करा. मराठी शिकतोय, संस्कृत थोडं येतं. त्याला 'स्थगित' चटकन समजेल. पण 'चालवून घे गं' म्हटलं तर तो बिचारा 'चालव' आणि 'घे' या दोन्हींचे अर्थ पाठ असूनही उभाच राहील. काय चालवायचं? काय घ्यायचं?

इंग्रजीत आपली गत अगदी तीच आहे, आणि आजच्या भाषणात मला खरं म्हणायचं आहे ते हे. आपल्याला इंग्रजी ज्या दारातून भेटलं ते दार शाळेचं आणि कचेरीचं. आपण पोशाखी इंग्रजी शिकलो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्या घरात होती तिथली मुलं अर्ज, विनंती, खुलासा सफाईने लिहायची. म्हणून आपल्याला अवघड शब्द सोपे जातात आणि सोपे शब्द अवघड. अग्रलेख वाचता येतो, पण लंडनच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोन बायका काय बोलतात ते कळत नाही. मग माणूस समजतो की आपलं इंग्रजी कच्चं. मराठी माध्यमातून आलेली माझी मुलं हे ओझं घेऊनच पहिल्या दिवशी वर्गात येतात. ते कच्चं नसतं. त्याच्या घरात आपण कधी राहिलेलो नसतो, एवढंच.

हा भ्रम भल्याभल्यांना झाला आहे. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' काढलं. जगाने शिकायला सोपं म्हणून फक्त ८५० शब्द. त्यात खरी क्रियापदं सोळाच, कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, टेक वगैरे, वर 'मे' आणि 'विल' ही दोन मदतनीस. बाकी सगळी क्रियापदं यांच्यापुढे लहान शब्द जोडून भागवायची. कल्पना हुशारीची होती. पण 'टॉलरेट' हा एक शब्द वाचवून 'पुट अप विथ' हे तीन दिले की शिकणाऱ्याचं ओझं कमी होतं का? इंग्रजाचं होतं. शिकणाऱ्याला आता तीन ओळखीच्या शब्दांतून एक अनोळखी अर्थ काढायचा असतो. माझं मत विचाराल तर मला 'टॉलरेट' बरा.

आता आपल्या मराठीकडे बघा, म्हणजे इंग्रजीवरचा राग जाईल. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, गवयाचा सूर लागतो, विहिरीला पाणी लागतं, मुलगी नात्याने भाची लागते आणि कारलं कडू लागतं. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यातली 'लागणे'ची नोंद कधी उघडून पाहा. त्या इंग्रजाची दया येते. आणि आपल्या स्टँडवरचं ते वाक्य आठवा, 'गाडी लागली'. फलाटावर उभं राहून म्हटलं तर पिशव्या उचलायच्या. घाटात म्हटलं तर खिडकी द्यायची. शब्द तेच, क्रम तोच. सहलीला गेलेल्या आपल्या 'ब' तुकडीला दुसरा अर्थ कायमचा पाठ आहे, तपशिलात जात नाही.

एक फरक मात्र आहे. आपण अर्थ बदलतो तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी एखादं नाम ठेवून. मार खाल्ला, पैसे खाल्ले, डोकं खाल्लं, हवा खाल्ली. दिवस काढले, कर्ज काढलं, फोटो काढला, कुरापत काढली. इंग्रजी अर्थ बदलतं ते क्रियापदाच्या मागे एखादा चिमुकला शब्द लावून, अप, ऑफ, आउट, डाउन. म्हणून इंग्रजी ऐकताना क्रियापदापाशी थांबून चालत नाही, त्याच्या मागून कोण येतंय ते बघावं लागतं. आपले कान नाम आधी ऐकायला सरावलेले. वाक्याच्या शेपटापाशी येईस्तोवर आपण अर्थ लावून मोकळे झालेलो असतो.

पण आपल्याकडेही मागून येणारं एक कुटुंब आहे. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत काय फरक आहे? 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे तोच. संपव. 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतला फरक? इंग्रज म्हणेल, 'ही वेंट अँड सेड इट'. तिथे 'वेंट'मध्ये कोणी कुठे गेलेलं नसतं, जसं आपल्या 'बसला'मध्ये कोणी बसलेलं नसतं. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलींचे चेहरे बदलतात. जे परकं वाटत होतं ते आपण रोज स्वयंपाकघरात करतो, हे कळल्यावर माणूस जरा ताठ बसतो.

मग ऐकणाऱ्याने ठरवायचं कसं? संगतीवरून. जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ, तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला गेल्यावर त्यांनी हा विचार मांडला की शब्दाची ओळख तो कोणाच्या सोबतीला असतो त्यावरून पटते. आपल्या आया हेच आपल्याबद्दल म्हणायच्या. 'रन'जवळ नाक दिसलं की सर्दी, नळ दिसला की पाणी, दुकान दिसलं की चालवणं.

पण संगतीत देशही येतो, आणि तिथे खुद्द इंग्रजी बोलणारेही फसतात. दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा चर्चिलने आपल्या युद्धविषयक ग्रंथमालेत दिला आहे. इंग्रज आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या संयुक्त बैठकीत इंग्रजांनी एक कागद 'टेबल' करायचा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये 'टेबल' करणं म्हणजे चर्चेसाठी लगेच पुढे ठेवणं. अमेरिकेत त्याच क्रियापदाचा अर्थ विषय बाजूला ठेवणं. अमेरिकन म्हणाले, अजिबात टेबल करायचा नाही, महत्त्वाचा आहे. इंग्रज म्हणाले, महत्त्वाचा आहे म्हणूनच टेबल करायचा. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे.

हे हसण्यावारी गेलं. माझ्या वर्गात ते नेहमी हसण्यावारी जात नाही. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, मी गेली बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. खेड्यापाड्यांतल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. काही जणी परीक्षा देऊन इंग्लंडला जातात. त्यांचं शास्त्रीय इंग्रजी चांगलं असतं. हृदयविकाराचं लांबलचक नाव त्या न अडखळता लिहितात. अडतात त्या 'पास'पाशी. 'पास वॉटर' म्हणजे लघवी होणे. 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. आणि नुसतं 'ही पास्ड लास्ट नाइट' म्हटलं तर त्या घरी रडारड आहे. 'पास झाले' म्हणून पेढे मागू नयेत. 'डिस्चार्ज' आपल्याकडे शेतकऱ्यालासुद्धा माहीत आहे, रुग्ण घरी गेला. पण जखम 'डिस्चार्ज' होते आहे म्हटलं तर ती घरी चाललेली नाही, वाहते आहे.

बागलाणातल्या एका खेड्यातली माझी विद्यार्थिनी तीन वर्षांपूर्वी तिकडे गेली. पहिल्या आठवड्यात रात्रपाळीला वॉर्ड ताब्यात घेताना सोडून जाणाऱ्या नर्सने एका म्हाताऱ्या रुग्णाबद्दल तिला भराभर सांगितलं, 'ही हॅड अ फनी टर्न धिस मॉर्निंग, ही ब्रॉट अप हिज टी, अँड ही हॅजंट पास्ड वॉटर सिन्स.' हिने हात वर करून थांबवलं आणि म्हटलं, सावकाश, एकेक सांगा, मी लिहून घेते. म्हणजे असं होतं, सकाळी त्यांना अचानक घेरी आली, संध्याकाळचं खाणं उलटून पडलं (तिथे पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणालाच 'टी' म्हणतात, तो वेगळाच घोळ), आणि सकाळपासून लघवी झालेली नाही. यातली शेवटची गोष्ट कळली नसती तर काय झालं असतं हे समोर बसलेल्या आपल्या डॉक्टर मित्रांना विचारा. तिने त्या रात्री पोट तपासलं, डॉक्टरांना बोलावलं, नळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाली, "बाई, एकही शब्द नवा नव्हता हो. सगळे पाचवीतले होते."

मी तिला विचारलं, मग कळलं काय तुला लगेच? ती म्हणाली, पुढच्या महिन्यात शेजारच्या खाटेवरचे आजोबा वारले तेव्हा ती सिस्टर बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, 'हीज गॉन.' ते तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही माणूस 'जातो'च.

आता एक गोष्ट सांगते, ती मी वर्षातून एकदाच वर्गात सांगते. २ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचं गाव. दोन मुलं चोरीच्या इराद्याने एका गोदामाच्या छपरावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग, वय १६, त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर. डेरेक बेंटली, वय १९, पण बुद्धीने लहान मुलासारखा, धड लिहिता-वाचता न येणारा. पोलीस आले. एका पोलिसाने छपरावर चढून बेंटलीला धरलं. पोलिसांच्या साक्षीनुसार त्या वेळी बेंटली ओरडला, 'लेट हिम हॅव इट, ख्रिस!' क्रेगने गोळी झाडली, तो पोलीस जखमी झाला. पुढे बऱ्याच वेळाने, बेंटली पोलिसांच्या ताब्यात असताना, क्रेगच्या गोळीने सिडनी माइल्स हा दुसरा पोलीस ठार झाला.

'लेट हिम हॅव इट.' लेट, हॅव. पाचवीतली क्रियापदं. याचा अर्थ 'ते त्याला देऊन टाक', म्हणजे पिस्तूल त्याच्या हवाली कर, असा होतो. आणि इंग्रजी बोलीत याचाच अर्थ 'हाण त्याला, घाल गोळी' असाही होतो. मराठीत हे समजावायला मला कधी कष्ट पडत नाहीत. 'दे त्याला!' हे मधल्या सुट्टीत आपण कितीदा ओरडलो आहोत? कधी डब्यातल्या वडीबद्दल, कधी भांडणात. 'दे त्याला ठेवून' म्हटलं की काही ठेवायचं नसतं आणि काही द्यायचंही नसतं.

क्रेग अठराच्या आतला, त्याला फाशी देता येत नव्हती. तो तुरुंगात गेला आणि १९६३ साली सुटला. बेंटलीने गोळी झाडली नव्हती, त्याच्याकडे बंदूक नव्हती. पण त्याने चिथावलं, असा सरकार पक्षाचा दावा, आणि त्या दाव्यात ही चार शब्दांची आरोळी फार मोठी होती. कोर्टात बेंटली आणि क्रेग दोघांनीही असं कोणी बोललंच नाही असं सांगितलं. म्हणजे त्या वाक्याला दोन अर्थ आहेत हा बचाव त्यांना तिथे करताच आला नाही. बोललोच नाही म्हटल्यावर, बोललो ते वेगळ्या अर्थाने असं कसं म्हणणार? ज्यूरीने दोषी ठरवताना दयेची शिफारस केली. गृहमंत्र्यांनी ती मानली नाही. २८ जानेवारी १९५३ रोजी बेंटलीला फाशी झाली.

त्याच्या आईवडिलांनी आणि आयरिस या बहिणीने पुढे आयुष्यभर हे प्रकरण लावून धरलं. नव्वदच्या दशकात माल्कम कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञाने बेंटलीच्या नावावरचा जबाब तपासला. तो शब्दशः त्याच्याच तोंडचा आहे असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं होतं. कूल्टहार्डने दाखवलं की त्यातली 'आय देन' अशी पुन्हापुन्हा येणारी मांडणी साध्या माणसाच्या बोलण्यातली नाही, ती पोलिसी लिखाणातली आहे. हे काही क्रियापदाचं नाही, पण आपल्याकडे 'सदर इसमाने' असं कोणी तोंडाने बोलत नाही, त्यातलीच गोष्ट. शेवटी ३० जुलै १९९८ रोजी अपील कोर्टाने बेंटलीची शिक्षा रद्द ठरवली. न्यायाधीशाने ज्यूरीपुढे केलेलं समारोपाचं विवेचन अन्याय्य होतं, हे त्यातलं मुख्य कारण. तोपर्यंत आईवडील गेलेले होते. आयरिस निकालाच्या आदल्या वर्षी गेली.

ही गोष्ट सांगून झाली की वर्गात कोणी बोलत नाही. मग एखादी मुलगी विचारते, बाई, पण तो बोलला होता का नव्हता? ते मलाही सांगता येत नाही. पण तेव्हापासून ती मुलगी 'हॅव'चा अर्थ नुसता 'असणे' लिहीत नाही.

मघाशी जेवताना दोघातिघांनी विचारलं की मग आता या वयात हे शिकायचं कसं? घरातला ऑक्सफर्डचा तो जाडा शिकाऊ कोश काढा. ज्यांच्या कामातून तो उभा राहिला ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा पहिला कोश १९४२ साली, ऐन युद्धात, तिथेच छापला गेला. जपानी मुलांना नेमकं काय अडतं हे त्यांनी वर्गात उभं राहून पाहिलं होतं, आणि क्रियापदाच्या मागे काय येतं याचे साचेच त्यांनी नोंदीत घातले. त्यात 'टेक'ची नोंद आली की पान उलटू नका. आणि वहीत शब्द आणि त्यापुढे अर्थ असं लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. आपले सर 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न दर चाचणीत घालायचे आणि आपण कुरकुरायचो. सर, तुमच्या त्या प्रश्नावर माझं आजवर पोट भरलं आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. नातवाच्या आजीला मी कबूल केलं आहे की उद्यापासून ग्रुपवर रोज सकाळी एक वाक्य टाकीन, सुप्रभातच्या फुलांऐवजी. पहिलं आत्ताच देते. स्वयंपाकघरातून एक इंग्रज बाई ओरडते, 'द मिल्क हॅज टर्न्ड!' आणि बाहेरून नवरा म्हणतो, 'ब्लॅक टी विल डू.' अस्सल मराठीत करून दाखवा. अट एकच, 'वळणे' आणि 'करणे' हे दोन शब्द कुठेही येता कामा नयेत. आणि सर, तुम्ही पहिला दिवस उत्तर द्यायचं नाही.